पांढऱ्या कापडांमधून चालताना

माझं अक्षर वेडंवाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत कळलं नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली, म्हणून पुढेही कळलं नाही. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्याने माझ्या चुका पोटात घालाव्यात. मुलगी वाचेल असं वाटत नाही. तिला मराठी सगळं समजतं, पण लखनौतच वाढल्यामुळे तिचं उत्तर हिंदीत येतं, आणि माझं लिहिलेलं दोन ओळी वाचून ती म्हणते, "मम्मी, तुम ही बता दो ना." बोलून सांगायला मला जमत नाही, म्हणून तर लिहिते आहे.

दोन वर्षांहून थोडं जास्त मी लोकांना चित्रं दाखवत चालले. ते लोक आपापल्या घरी बसलेले असायचे, कुणी दिल्लीत, कुणी डोंगरात, कुणी समुद्रापलीकडे. त्यांनी मला कधी पाहिलं नाही, मी त्यांना पाहिलं नाही. पण माझे पाय चालले की ते चालायचे आणि मी थांबले की ते थांबायचे.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. रेल्वेतल्या एका मराठी इंजिनिअर साहेबांच्या बंगल्यावर आमचे हे स्वयंपाकाला होते. साहेबांची बदली लखनौला झाली तेव्हा त्यांच्या सामानाबरोबर आम्हीही चारबाग स्टेशनला उतरलो. साहेब रिटायर झाले आणि इथेच राहिले. हे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात लागले. आम्ही सरोजिनी नगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, जिथे विमानं इतकी खालून जातात की ताटातल्या वाट्या वाजतात. साहेबांच्या बायकोला मी काकू म्हणते. त्यांच्याकडची झाडलोट मी कधी सोडली नाही.

काकूंना चित्रांचं वेड. नव्या लोकांची चित्रं, ज्यांत देव नसतो, डोंगर नसतो, आणि कधी कधी चित्रही नसतं. साहेब गेल्यावर त्यांनी चौकात, म्हणजे लखनौच्या जुन्या बाजारात, एक जुनं गोदाम भाड्याने घेतलं आणि त्याला पांढरा रंग दिला. तिथे पूर्वी चिकनच्या भरतकामाचे कपडे धुऊन आले की गठ्ठे बांधून ठेवत. भिंतींना अजून खळीचा वास येतो. काकू म्हणाल्या, ही आपली गॅलरी. हे घरी म्हणाले, "आपल्याकडे गॅलरीत चड्ड्या वाळत घालतात, काकू इथे चित्रं घालणार." मी हसले, पण दुसऱ्या दिवशी फरशी पुसायला गेले तेव्हा त्या रिकाम्या पांढऱ्या खोलीत मला फार बरं वाटलं. इतकी मोठी रिकामी जागा मी कधी पाहिली नव्हती.

मग टाळेबंदी आली. ती थोडी सैल झाल्यावर माणसं नेणारे टेम्पो चालू झाले, पण गॅलरीत बाहेरचं कुणी येत नव्हतं. चित्रं भिंतीवर लावलेली तशीच, पाहायला कुणी नाही. तेव्हा काकूंनी दिल्लीच्या एक मॅडम ठरवल्या. त्या आपल्या घरून चित्रांबद्दल बोलणार, इथे एकाने फोन घेऊन खोलीत फिरायचं आणि घरोघरचे लोक पैसे भरून ते बघणार. अशी ती गॅलरीची फेरी.

पहिल्या दोन फेऱ्या काकूंनी स्वतः केल्या. त्यांचा हात थरथरतो, गुडघा धरतो. लोकांनी लिहून पाठवलं की चक्कर येते. तिसऱ्या वेळी काकू चष्मा शोधायला वळल्या आणि काठी माझ्या हातात दिली. फोन लावायची ती काठी असते, आत मोटर असते, हात हलला तरी फोन फारसा हलत नाही. मी फक्त धरून उभी राहिले. फोनमधून दिल्लीच्या मॅडमचा आवाज आला, "अरे, ये अब किसने पकड़ा है? जो भी हैं, इन्हीं को रहने दीजिए."

माझा हात हलत नाही, कारण साहेबांच्या बंगल्यावर पार्टी असली की बारा भरलेल्या कपांचा ट्रे मी स्वयंपाकघरातून बागेपर्यंत न्यायची, आणि बशीत थेंब सांडला तर मोठ्या साहेबांसमोर काकूंना खाली पाहावं लागे. ते चालणं पायात राहिलं. आधी टाच नाही, आधी चवडा, आणि गुडघा थोडा सैल.

तेव्हापासून फेरी माझ्याकडे आली. एका फेरीचे तीनशे रुपये. झाडलोटीचे वेगळे.

दिल्लीच्या मॅडम मला "हमारी आँख" म्हणायच्या. लोकांनाही तसंच सांगायच्या, "अब हमारी आँख ज़रा बायें चलेंगी." त्यांनी मला एक शिकवलं. प्रत्येक चित्रासमोर तीन श्वास थांबायचं. घाईने घेतलेले नाहीत, झोपेतले असतात तसे. मॅडम बोलत असल्या तरी मी माझे श्वास मोजायची. एकदा खूप लोक होते, परदेशातलेही. मला वाटलं, हे सगळे आता माझ्या श्वासावर उभे आहेत. अंगावर काटा आला, पण हात हलला नाही.

मला चित्रांतलं काही कळायचं नाही. पण फेरी संपवून मी सरोजिनी नगरच्या टेम्पोत बसले की ती चित्रं माझ्याबरोबर यायची. एक मोठं करड्या रंगाचं चित्र होतं, त्यात काहीच नव्हतं, फार वेळ पाहिलं की मध्यावर एक दार दिसायला लागायचं, आणि नजर हलली की जायचं. एका बाईने छतावर नदीचा सिनेमा लावला होता, आणि खाली फरशीवर आपण पाण्याच्या तळाशी चालतोय असं वाटायचं. त्या महिन्यात मी घरी दुपारी पोळ्या लाटतानाही हळू चालायची. मुलगी म्हणाली, "मम्मी, तुम घर में भी टूर कर रही हो क्या?"

मग आपांचं प्रदर्शन लागलं.

आपा म्हणजे चौकातल्याच, पन्नाशीच्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापड छापायचं काम. चिकन भरण्याआधी मलमलीवर लाकडी ठशाने निळी नक्षी छापतात. बायका त्या निळ्या रेघांवरून पांढऱ्या दोऱ्याने भरतात. भरून झालं की कापड धोब्याकडे जातं, निळं धुऊन निघतं आणि पांढऱ्यावर पांढरं उरतं. ते निळं धुऊन जाण्यासाठीच असतं, कच्चं.

आपांनी कापडं छापली होती आणि तशीच ठेवली होती. भरलीच नव्हती. तीस कापडं, छतापासून जमिनीपर्यंत, ओळीने टांगलेली, मधून चालायला वाटा. काही कापडांवर दाट वेली, काहींवर एखादंच पान. भरणाऱ्या बायकांचं काम त्या वर्षी बंद पडलं होतं. आपा म्हणाल्या, "जिन हाथों को आना था वो आए नहीं। तो ये उनके इंतज़ार में खड़े हैं।"

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दिल्लीच्या मॅडमनी पुढे जे लांबलचक सांगितलं त्याची मला गरज वाटली नाही.

त्या कापडांमधून चालणं म्हणजे झोप लागता लागता बाहेरचे आवाज लांबून येतात तसं होतं. पांढऱ्यातून पांढरं दिसायचं, त्यातून पुढच्या कापडाचं निळं. हवा हलली की सगळी वेल एकदम श्वास घेतल्यासारखी फुगायची. फोनच्या छोट्या पडद्यात ते आणखीच दूरचं वाटायचं, जसं कुणाच्या आठवणीत मी शिरले आहे आणि कुणाला कळू नये म्हणून पाय न वाजवता फिरते आहे. एकच नियम होता, कापडाला हात लावायचा नाही. पाण्याचा थेंब लागला तरी निळं पसरतं.

कोपऱ्यातलं एक कापड विकलं गेलं होतं. कुणा लांबच्या माणसाने फेरी पाहूनच घेतलं होतं आणि सगळे अठरा हजार आपांना आगाऊ पाठवले होते. प्रदर्शन उतरलं की कापड त्याच्याकडे जाणार होतं.

त्या दिवसांत दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. हत्यार म्हणजे ज्याच्यावर घर चालतं ते. ह्यांच्या सुऱ्या, झारा, मुलीची पुस्तकं, माझी कात्री. मला वाटलं, आता घरात तीनशे रुपये त्या काठीने येतात, तर तिचीही पूजा व्हायला हवी. काकूंना विचारून मी आदल्या संध्याकाळी काठी घरी आणली. सकाळी पाटावर सगळं मांडलं आणि बोटांनी हळद-कुंकू लावलं. काठीच्या मुठीलाही दोन बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला. मुलगी म्हणाली, "गिम्बल की पूजा, यार." हे म्हणाले, "मग काय, तुझ्या कोचिंगची फी तीच भरते."

निघताना मी हात साबणाने दोनदा धुतले. काठी कोरड्या फडक्याने पुसली. मुठीला खाचा असतात, बोटं घसरू नयेत म्हणून. त्या खाचांत काही उरलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

अकराची फेरी होती. आत उकडत होतं, काकूंनी लांबच्या टोकाला पंखा लावला होता. हाताला घाम येत होता, पण तो नेहमीचाच. कोपऱ्यातल्या त्या विकल्या गेलेल्या कापडाशी आलो तेव्हा ते पंख्याने सारखं हलत होतं. दिल्लीच्या मॅडमना लोकांना त्यावरचा एक मोर दाखवायचा होता. त्या म्हणाल्या, "किनारा ज़रा थाम लीजिए, बस दो सेकंड." त्यांना अख्खी खोली दिसत नव्हती, फोन दाखवेल तेवढीच दिसायची. नियम मला माहीत होता. पण इतक्या लोकांसमोर मॅडमना नाही कसं म्हणायचं, आणि नाही म्हणायला बोलावं लागलं असतं. मी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी कापडाची कड धरली.

तेव्हा पडद्यावर मला माझा हात दिसला. इतक्या फेऱ्यांत पहिल्यांदाच. बोटं लाल होती.

मी हात मागे घेतला. कापडावर दोन बोटं उमटली होती, कडेने पिवळी आणि मध्ये लाल, जशी सकाळी काठीवर ओढली होती तशीच. मी तशीच उभी राहिले. किती श्वास झाले ते माहीत नाही. मग मॅडम म्हणाल्या, आगे चलिए, आणि मी पुढे चालले. हात हलला नाही. फेरी पूर्ण केली.

दुपारी आपा आल्या. कापडाजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या. काकूंनी सगळं सांगितलं, पूजेचंही. मी दाराशी उभी. आपा माझ्यावर ओरडल्या नाहीत. कापडाकडेच बघत म्हणाल्या, "धो नहीं सकते। धोऊँगी तो दाग़ से पहले नील जाएगा।"

मी हळूच म्हटलं की हळद उन्हाने उडते, पाणी लागत नाही. आपांनी मान हलवली. कापड उतरवून त्यांनी घराच्या गच्चीवर आठ दिवस उन्हात लावलं. पिवळं खरंच उडालं. लाल राहिलं, दोन बोटं, आता आणखी स्पष्ट.

आठ दिवसांनी काकू, आपा आणि फोनवर दिल्लीच्या मॅडम अशा तिघी बसल्या. घेणाऱ्या माणसाने फेरीतच डाग पाहिला होता. त्याने लिहिलं होतं की चालेल, थोडे कमी करून पाठवा. आपांनी त्याला 'नाही' असं कळवलं. बिघडलेलं काम त्या कुणाला देणार नव्हत्या. म्हणजे अठरा हजार परत करायचे. आणि ते त्यांच्याकडे नव्हते. त्या पैशांतून त्यांनी चार भरणाऱ्या बायकांच्या घरी धान्य भरून दिलं होतं. काकू म्हणाल्या मी देते. आपांनी हात वर केला, "आपका तो किराया भी नहीं निकल रहा।" मॅडम म्हणाल्या, हात लावायला मी सांगितलं, निम्मे माझे. आपा म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत होतं बोटाला काय आहे. त्या आपली सोन्याची बांगडी मोडून माणसाचे पैसे परत करणार होत्या, तसं त्यांनी ठरवूनच आणलं होतं.

मी चहा ठेवत होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं असावं, कारण आपाही वळल्या. म्हणाल्या, "इनसे क्या लेना। ये बेचारी क्या देंगी।"

वाईट बुद्धीने नव्हत्या म्हणाल्या. आवाजात मायाच होती. पण तो शब्द माझ्या अंगाला असा लागला की ट्रे मला खाली ठेवावा लागला. शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या खोलीत मी शंभर माणसं माझ्या श्वासावर उभी केली होती.

"मैं दूँगी," मी म्हटलं. "पूरे।"

आपा म्हणाल्या, "अच्छा।" आणि चहा घेतला.

घरी ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. "अठरा हजारांचं फडकं?" मग म्हणाले हॉटेलातून उचल घेतो, एकदम देऊन टाकू. मी नको म्हटलं. फेरीतून गेलं ते फेरीतूनच भरायचं. हे हसले, "तुझी दोनच बोटं एवढी महाग, मला आधी सांगितलं असतंस तर अंगठी घातली असती." पण पुन्हा उचलीचं नाव काढलं नाही.

दर फेरीचे निम्मे बाजूला काढायचे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी चौकात आपांच्या घरी नेऊन द्यायचे, असं मी ठरवलं. एकशे वीस फेऱ्या. त्या माणसाचे पैसे परत करायला आपांची बांगडी गेली होती, ती परत यायची नव्हती, पण तिचे पैसे यायचे होते. ते येईपर्यंत त्या पांढऱ्या खोलीत मी उसनी आहे असं वाटायचं.

पहिले दोन महिने आपांनी पैसे दारातच घेतले. पण मोजून घेतले. माझ्यासमोर एकेक नोट, शेवटपर्यंत. मग उरलेला आकडा मोठ्याने म्हणायच्या. ते मोजणं मला आवडायचं. मोजलं म्हणजे खरे पैसे, खरं देणं. तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "बैठिए।" त्यांच्या खोलीत ठसे रचून ठेवलेले, हजारेक असतील, वेली, बदाम, मासे, सगळे उलटे कोरलेले. निळीचा वास. हिवाळ्यात एका रविवारी त्यांनी गल्लीतून मक्खन-मलाई मागवली. द्रोणात पिवळा फेस, जिभेवर ठेवला की खाल्ला की नाही तेही कळत नाही. आपा म्हणाल्या, उन्हं चढली की ही विरते, म्हणून सकाळीच खायची. आम्ही दोघी खात होतो. मला वाटलं मी आपांच्याच कुठल्या तरी कामात बसले आहे, छापलेल्या पण न भरलेल्या.

वर्ष सरलं. टाळेबंदी पूर्ण उठली. लोक गॅलरीत स्वतः यायला लागले, चौकात कबाब खायला आले की डोकावायचे. काकू खुश. पण घरी बसून बघणारे कमी झाले. आठवड्याला तीन फेऱ्या होत्या त्यांची एक झाली, मग महिन्याला दोन. दिल्लीच्या मॅडमनी दुसरं काम धरलं, तरी आमच्यासाठी वेळ काढायच्या. सहा हजारांच्या आसपास उरले होते आणि माझ्याकडून महिन्याला तीनशे जायला लागले. मी टेम्पोत बसून हिशेब करायची आणि तो पुढच्या पुढच्या वर्षांत जाऊन पडायचा. त्याआधी फेऱ्या बंद झाल्या तर? हे विचारायलाही मला कुणी नव्हतं. ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनी उचल घेतली असती.

काकूंना कळलं. त्यांनी माझ्या नकळत आपांना सांगितलं की आता सोडून द्या, बारा हजार आले, बाईने पुष्कळ केलं. पुढच्या रविवारी मी तीनशे पुढे केले तेव्हा आपांनी ते घेतले नाहीत. विचारलं, "आपकी काकी कहती हैं, माफ़ कर दूँ। करूँ?"

मी मान हलवली. नाही.

"सोच लीजिए।"

"नहीं," मी म्हटलं.

आपांनी नोटा घेतल्या. "तो फिर गिनती हूँ।" तीनच नोटा होत्या, तरी मोजल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक गोष्ट घडली. डोंगरातल्या एका गावात म्हाताऱ्या माणसांचं घर होतं, तिथल्या लोकांसाठी फेरी ठरली होती. दुपारची वेळ. भिंतींवर एका तरुण चित्रकाराची धुक्याची चित्रं होती, जवळजवळ सगळी एकाच रंगाची. मी पहिल्या चित्रासमोर पोचले आणि दिल्लीच्या मॅडमचा आवाज तुटला. "हम आज..." एवढंच ऐकू आलं आणि नंतर काही नाही. त्यांच्याकडची लाइन गेली होती. त्या घराकडून फोनवर लिहून आलं की डोंगरातले लोक जोडलेले आहेत, त्यांना चित्र दिसतं आहे. काकू त्या दिवशी दवाखान्यात गेल्या होत्या. खोलीत मी एकटी.

बोलायला हवं होतं. नमस्कार तरी म्हणायला हवा होता. माझं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. फोन बंद करावा तर पैसे परत करावे लागले असते. मग मी जे येत होतं ते केलं. तीन श्वास थांबले. मग पुढच्या चित्राकडे गेले. मॅडम बोलायच्या तेव्हा मी त्यांच्या शब्दांपाठी जायची, आता कुणी नव्हतं, म्हणून चित्र नेईल तशी गेले. जवळ गेले, इतकी जवळ की धुकं पडद्याबाहेर आल्यासारखं झालं. मग मागे आले. एका चित्रासमोर तीन श्वास पुरले नाहीत, मी दहा घेतले. माझ्या चपला मी आधीच काढल्या होत्या. चौकातल्या गल्लीतून रिक्षाच्या घंट्या लांबून येत होत्या. खिडकीतलं ऊन एका चित्रावर पडलं होतं, ते सरकेपर्यंत मी उभी राहिले. माझ्या मनात आलं की तिकडे डोंगरात खऱ्या धुक्यात बसलेले म्हातारे माझ्याबरोबर या धुक्यात चालले आहेत, आणि त्यांचे गुडघे दुखत नाहीत.

संपवलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. मला वाटलं आता काम गेलं.

दोन दिवसांनी त्या घराच्या बाईंचा काकूंना फोन आला. काकूंनी मला बोलावून सांगितलं. त्यांच्या लोकांना तीच फेरी पुन्हा हवी होती, तशीच, कुणी न बोलता. एका आजोबांनी विचारलं होतं की काठी धरणारी बाई पुढच्या गुरुवारी मोकळी आहे का. काकू हसत होत्या. "अगं, तू काय केलंस?" मी म्हटलं, काही नाही केलं.

दिल्लीच्या मॅडमना राग येईल अशी मला भीती होती. त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, "मतलब मैं ही फ़ालतू थी।" मग खूप हसल्या. त्यांनीच आणखी दोन ठिकाणी सांगितलं, एक शाळा होती, एक दवाखाना जिथे लोकांना फार दिवस पडून राहावं लागतं. अशा दर गुरुवारी दुपारी बिनआवाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या, कधी दोन, कधी तीन. फार नाही. पण माझं देणं त्यांतून पुन्हा चालायला लागलं.

मी आता कधी कधी आधी जाऊन एकटी चित्रांपुढे उभी राहायची, कुठल्यासमोर किती थांबायचं ते ठरवायला. काकूंनी एकदा विचारलं, तू कशावरून ठरवतेस? काही चित्रं लगेच सोडतात, काही हात धरतात, एवढंच.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी आपांकडे गेले. नऊशे उरले होते. माझ्याकडे नऊशे होते. टेम्पो चारबागला बराच वेळ अडकला, मी पिशवी पोटाशी धरून बसले होते. गल्लीत शिरले तेव्हा कुठेतरी ठसे पडत होते, ठक, ठक, थोडं थांबून ठक.

आपांच्या खाटेवर ते कोपऱ्यातलं कापड घडी करून ठेवलं होतं. वरची घडी अशी, की दोन बोटं दिसत होती. मी तिकडे बघितलं.

"आपका है," आपा म्हणाल्या. "आपने ख़रीदा है।" मी हात पुढे केला तर त्यांनी कापडावर आपला हात ठेवला. "पहले पैसे।"

मी नोटा दिल्या. आपा खाटेच्या कडेला बसल्या, चष्मा लावला, आणि एकेक नोट मोजायला लागल्या. शंभराच्या नऊ. एकदा मोजल्या, उलटीकडून पुन्हा मोजल्या, आणि उशीखालच्या बटव्यात ठेवून दोरी ओढली.

"पूरे हुए," त्या म्हणाल्या.